सराफाची खूण आणि बर्नचा ठसा

अठराव्या शतकातील मराठी मुलुखात रुपया हे नाव एकच असले तरी रुपये अनेक होते. पुण्याचा अंकुशी, चांदवडचा चांदोरी, बागलकोटचा मल्हारशाही असे निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये एकाच पेठेत चालत, आणि त्यांतील प्रत्येकाचा भाव चांदीचा कस, वजन आणि त्या गावातील रूढ चलन यांवरून ठरे. टांकसाळी बहुधा सरकारी परवान्याने खासगी माणसे चालवीत. नागोठण्याच्या बाळाजी बापूजी यांना 1744 मध्ये तांब्याची नाणी पाडण्याचा परवाना मिळाला होता. उलट धारवाड भागातील जमीनदार हलकी नाणी पाडू लागले, तेव्हा 1760 च्या सुमारास त्यांच्या टांकसाळी बंद करून पांडुरंग मुरार यांच्याकडे एक मुख्य टांकसाळ सोपवावी लागली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी मराठ्यांच्या चलनावरील आपल्या निबंधात अशा नोंदींचा मागोवा घेतला आहे.

या गोंधळात व्यवहार चालू राहिला तो सराफाच्या पारखीवर. एका जातीचा रुपया दुसऱ्या जातीत मोजताना जी कसर कापली जाई तिला वटाव किंवा बट्टा म्हणत, आणि सरकारी खजिन्यात येणारी नाणी पारखून घेणारा अधिकारी म्हणजे पोतदार. वरून चांदीचा मुलामा आणि आत तांबे असा खोटा रुपया ओळखण्यासाठी सराफ नाण्यावर पोलादी छिन्नीने घाव घाली किंवा लहानसा ठसा मारी. फूल, सूर्य, ठिपके, एखादे अक्षर अशा या खुणांमुळे तो रुपया एकदा पारखला गेला आहे हे पुढच्या माणसाला कळे. पुण्याच्या रुपयावर दिल्लीच्या शाह आलम बादशहाचे नाव आणि ‘मुहियाबाद पुणे’ हे टांकसाळीचे नाव फारसीत असे. पण ते नाव वाचू न शकणाऱ्या माणसाला सराफाची खूण पुरेशी होती.

याच गरजेतून युरोपात वेगळी वाट निघाली. फ्रान्सचा एकू हा 1726 पासून सुमारे साडेएकोणतीस ग्रॅम वजनाचा आणि अकरा-बारांश शुद्ध चांदीचा, सहा लिव्हर किमतीचा शिक्का होता, आणि प्रत्येक कँटनचे, म्हणजे घटकराज्याचे, चलन निराळे असलेल्या स्वित्झर्लंडमध्ये मोठ्या व्यवहारांत तो सर्रास चाले. फ्रान्सने 1803 मध्ये फ्रँकची नवी पद्धत आणून 1810 मध्ये जुन्या एकूचा भाव 5.80 फ्रँकवर खाली आणला, तेव्हा सीमेपलीकडे या नाण्याची किंमत काय, हा प्रश्न उभा राहिला. बर्न कँटनने 1816 ते 1819 या काळात पंधराव्या आणि सोळाव्या लुईच्या एकूंवर एका बाजूस आपले राजचिन्ह आणि दुसऱ्या बाजूस 40 बॅट्झन हा आकडा उमटवून तो प्रश्न आपल्यापुरता मिटवला. बॅट्झन हे तेथील लहान चलन, आणि दहा बॅट्झनचा एक स्विस फ्रँक होई. पुढे व्हो कँटनने अशाच नाण्यांवर 39 चा आकडा मारला. स्वित्झर्लंडने 1850 मध्ये एकच फ्रँक स्वीकारल्यावर या ठशांचे प्रयोजन संपले, तसे भारतात 1835 च्या कायद्याने 180 ग्रेन वजनाचा, एकूइतक्याच कसाचा एकसारखा कंपनी रुपया आल्यावर वटावाचा पाया ढासळत गेला.

संग्राहकांनी मात्र या दोन ठशांना सारखा न्याय दिलेला नाही, आणि तो भेद खटकणारा आहे. बर्नचा ठसा असलेला एकू सूचीत स्वतंत्र प्रकार म्हणून नोंदला जातो, मूळ नाण्याचे वर्ष आणि टांकसाळीचे अक्षर वेगळे लिहिले जाते, आणि त्याला मागणी असल्यामुळे बनावट ठशांपासून सावध राहावे लागते. त्यासाठी अभ्यासक ठशाच्या नेमक्या मागच्या बाजूस नाणे चेपलेले आहे का हे आवर्जून पाहतात, कारण खऱ्या घावाचा दाब पलीकडे पोहोचतो. सराफाची खूण असलेला अंकुशी रुपया मात्र बाजारात ‘खराब’ ठरून स्वस्तात जातो. शासनाचा ठसा इतिहास आणि पेढीचा ठसा इजा, असे मानण्याला आधार नाही. दोन्हींमागे परक्या नाण्याबद्दल दिलेली हमी एकच आहे, आणि पेढीवाल्याची हमी तर त्याच्या स्वतःच्या पतीवर उभी होती.

नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे आणि मराठ्यांच्या टांकसाळींवर महेश्वरी व विगिन्स यांचा ग्रंथ 1989 पासून अभ्यासकांच्या हाती आहे, त्यामुळे रुपया कोठे पाडला गेला हे आता बऱ्याच अंशी सांगता येते. तो पुढे कोणत्या पेठांतून फिरला, हे सांगण्याची शक्यता या खुणांत आहे: एकच खूण अंकुशी आणि मल्हारशाही अशा दोन्ही रुपयांवर सापडली, तर एका पेढीचा कृष्णेपलीकडचा व्यवहार हाती येऊ शकतो, मात्र त्यासाठी रुपया घासून उजळण्याआधी त्याच्या दोन्ही बाजूंवरील खुणांची नोंद व्हायला हवी.