सायकलची बैठक

सायकलचा इतिहास म्हटला की सारे चाकांचा सांगतात. मी सातवी शिकलेली गृहिणी. मला सांगायचा आहे तो बैठकीचा, म्हणजे सीटचा. आपल्या मंडळातल्या काहीजणी भोसरीच्या कारखान्यांत कामाला जातात. त्यांतल्या दोघींनी रिक्षाचे पैसे वाचावेत म्हणून सायकल धरली आणि आठ दिवसांत सोडली. कारण विचारले तर दोघी हसून गप्प. कारण उघड होते, पण ते बोलायचे नसते अशी आपली समजूत. एवढ्या संकोचापायी कष्टाचा पैसा रोज रिक्षात जातो.

हे दुखणे सायकलीइतकेच जुने आहे. १८६० नंतरच्या काळात युरोपात लाकडी चाकांवर लोखंडी पट्टी ठोकलेली दुचाकी निघाली. इंग्रजांनी तिचे नावच 'हाडे खिळखिळी करणारी' असे ठेवले. बर्मिंगहॅमच्या ब्रुक्स नावाच्या गृहस्थांचा घोडा मेला, म्हणून त्यांनी कोणाची सायकल मागून आणली. तिची बैठक सोसेना, तेव्हा १८८२ साली त्यांनी कातडी सीटचे पेटंट घेतले, असे सांगतात. १८८८ साली डनलॉप यांनी हवेचे टायर काढले आणि गचके कमी झाले. पुढे बायका सायकलीवर बसू लागल्या, तेव्हा काही डॉक्टर म्हणू लागले की याने बायकांची प्रकृती बिघडते. मग मधे पोकळी ठेवलेल्या सीट विकायला आल्या. म्हणजे दोष बाईत नव्हता, बैठकीत होता.

आपल्या भागात १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि एकामागून एक कारखाने उभे राहिले. पाळी सुटली की रस्ता सायकलींनी भरून जाई. माझे सासरे चिंचवडगावातून सायकलीनेच कामावर जात. त्यांची सीट कातडी, खाली जाड स्प्रिंगा. नवी असताना ती दगडासारखी. पण बसून बसून माणसाच्या बैठकीप्रमाणे दबे. मग ती सायकल दुसऱ्याला द्यायला ते राजी नसत. पावसात सीटवर पिशवी बांधत, कारण भिजलेले कातडे सैल पडते.

आता दुखते का, ते पाहू. आपण बसतो ते दोन हाडांवर. बायकांत ही हाडे बहुधा पुरुषांपेक्षा लांब लांब असतात. सीट अरुंद असली की भार हाडांवर न पडता मधल्या नाजूक जागी पडतो. दुकानदार मग गुबगुबीत सीट दाखवतो. पण फार मऊ गादीत हाडे रुततात आणि दाब पुन्हा मधेच येतो. म्हणून सीट मागे पुरेशी रुंद, पण घट्ट घ्यावी.

उंचीही बघावी. पायडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली तर गुडघा सरळ व्हावा. सीट फार खाली असेल तर गुडघे दुखतात. फार उंच असेल तर कंबर डावी-उजवी हलते आणि कातडी सोलते. भीती वाटत असेल तर आधी खाली ठेवून थोडी थोडी चढवावी. सीट पाटासारखी सपाट असावी, नाक वर नको. जाड शिवण खाली येईल असा कपडा घालू नये. गतिरोधक आला की पायडल सारखी करून किंचित उठावे. सुरुवातीला एक दिवसाआड, थोडे अंतर जावे. दोन-तीन आठवड्यांत शरीर सरावते. मात्र बधिरपणा राहिला किंवा जखम झाली तर लाजू नये, डॉक्टरांना सांगावे.

२०१८ साली पुण्याची वेदांगी कुलकर्णी अवघ्या विसाव्या वर्षी १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटर सायकल चालवून पृथ्वीप्रदक्षिणा करून आली. आपल्याला तर भोसरीपर्यंतच जायचे आहे.

माझी सूचना एवढीच, की मंडळाच्या कपाटात सीट वर-खाली करण्याचा एक पाना ठेवावा, आणि नव्याने सायकल धरणारीला जुनीने ही गोष्ट मोकळेपणी सांगावी. हळदीकुंकवाला आपण इतके बोलतो, त्यात हेही बसेल.