फाटकाच्या आत आणि बाहेर

वॉल्ट डिस्ने हे नाव आपल्या घरातल्या मुलांनासुद्धा परके नाही. त्याने १९४१ साली कॅलिफोर्नियातल्या बरबँक येथील आपल्या नव्या स्टुडिओवरच एक चित्रपट काढला, ‘द रिलक्टंट ड्रॅगन’. विनोदी लेखक रॉबर्ट बेंचली पाहुणा म्हणून तिथे हिंडतो. रंग कसे कालवतात, आवाज कसे काढतात, चित्रे हलती कशी होतात, हे त्याच्याबरोबर आपल्यालाही कळत जाते. जो तो हसतमुख! गंमत अशी की, या हसऱ्या कलावंतांपैकी काही जण चक्क नट होते. गोष्ट रचणारा म्हणून जो दिसतो, तो ॲलन लॅड!

चित्रपट जूनमध्ये पडद्यावर आला, तेव्हा स्टुडिओचे शेकडो खरे कलावंत २९ मेपासून संपावर होते. ‘स्नो व्हाइट’मधली दुष्ट राणी जिवंत करणारा आर्ट बॅबिट कामगार संघटनेत पडला, म्हणून त्याला काढून टाकले होते. संपकरी फलक घेऊन चित्रगृहांबाहेरही उभे राहिले. अखेर मालकाला संघटना मान्य करावी लागली.

चित्रपट आजही मौजेचा आहे. मुलांना अवश्य दाखवावा. मात्र इतिहासाचा शिक्षक या नात्याने मी एवढेच म्हणेन की, फाटकाबाहेरच्या माणसांची गोष्टही त्यांना सांगावी.