क्लब नव्हे, तालीम!

मी सोलापूरचा. आमच्याकडे पाणीवेस तालीम, थोरला मंगळवेढा तालीम ही नावं घेतली की मिरवणूकच डोळ्यांपुढे येते. कोल्हापुरात मात्र तालमी चक्क फुटबॉल खेळतात! ते बघायला एकदा शाहू स्टेडियम गाठलं. चषकाचा सामना होता, पाटाकडील तालीम मंडळ विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ. म्हणजे मंगळवार पेठ विरुद्ध शिवाजी पेठ. गॅलरी खचाखच.

शेजारच्या आजोबांना विचारलं, "तुमचा क्लब कुठला?" ते म्हणाले, "क्लब न्हवं, तालीम म्हणा!"

सगळा इतिहास त्या एका शब्दात आहे. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला. १९१२ साली खासबाग मैदान उभं राहिलं. पेठेची पोरं तालमीतच घडायची. पुढे १९४० मध्ये कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशन स्थापन झाली आणि पेठापेठांतल्या ईर्ष्येला लीगचं वेळापत्रक मिळालं.

आयएसएलमध्ये कोल्हापूरचा संघ नाही. तरी लोक येतात, कारण संघ विकत घेतलेला नाही, गल्लीतला आहे. याच शहराचा अनिकेत जाधव २०१७ चा सतरा वर्षांखालील वर्ल्ड कप भारताकडून खेळला.

मला वाटतं, पेठ, पोरं आणि ईर्ष्या सोलापुरातही भरपूर आहे. तिला हवंय हक्काचं मैदान आणि दरवर्षी न चुकता होणारी लीग. तुमच्या तालमीत बॉल आहे का? आज विचारूनच बघा!