द्राक्षाचा पेला आणि मोहाचे फूल

नाशिकजवळच्या सुला या कारखान्याने २००५ साली वाइन चाखण्याचे दालन उघडले. पाहुणा पेला उजेडाकडे धरतो, वास घेतो, घोट तोंडात घोळवतो. त्याला आम्ही रसिकता म्हणतो. राज्यशासनानेही २००१ च्या धोरणाने या धंद्याला हात दिला.

आम्हां विदर्भवासीयांच्या रानांतले जुने मद्य मोहाचे. चैत्रात पहाटे गळलेली फुले वेचावी, वाळवावी, आंबवावी आणि मडक्यात गाळावी, ही गोंडांची पिढीजात रीत. इंग्रजी अमलात आबकारीच्या उत्पन्नापायी घरची भट्टी गुन्हा ठरली. मुंबई इलाख्यात १८९२ च्या कायद्याने फूल बाळगण्यावरही बंधने आली.

मोहाची दारू गाळलेली आणि वाइन नुसती आंबवलेली, हा फरक खरा. दारूने संसार बुडतात, हेही खरे; म्हणूनच लोकचळवळीतून १९९३ साली गडचिरोलीत दारूबंदी आली. ती बंदी लोकांनी मागितली होती. आबकारीची बंदी तिजोरीसाठी होती. दोन्हींना एकाच तागडीत तोलणे न्यायाचे नाही. नाशिकच्या पेल्याचे कौतुक करताना वेचणाऱ्या हातांवर बसलेला गुन्ह्याचा शिक्का आपण विसरू नये, एवढेच आमचे सांगणे.