ब्राउनिंगचे व्हेनिसमधील घर

परक्या देशातील जुन्या घराची शोभा चटकन डोळ्यांत भरते. त्याचा पाया मात्र पाण्याखाली दडलेला असतो. इंग्रज कवी रॉबर्ट ब्राउनिंग ह्याला व्हेनिसमध्ये हेच उमगले. पत्नी एलिझाबेथसह त्याने फ्लॉरेन्समध्ये भाड्याच्या घरात संसार केला. १८६१ मध्ये ती तेथेच निवर्तली आणि तो इंग्लंडला परतला. पण इटलीची ओढ सुटली नाही. १८८५ मध्ये, वयाच्या ७३ व्या वर्षी, चित्रकार मुलासाठी त्याने मान्झोनी प्रासाद घेण्याचे ठरविले. मालकाने शब्द फिरविला. प्रकरण न्यायालयात गेले. पुढे भिंतींना तडे गेल्याचे व पाया कच्चा असल्याचे कळताच त्याने तो नाद सोडला. १८८८ मध्ये मुलानेच रेझोनिको प्रासाद घेतला. तेथे १२ डिसेंबर १८८९ रोजी ब्राउनिंगने देह ठेवला. इटलीत अखेर हक्काचे छप्पर लाभले, तेही मुलाचे.