उसाचा शेंडा, कोंबडीचा गर्भ आणि ऑर्गनॉइड

पुणे जिल्ह्यात भीमेच्या एका काठावर शिरूर तालुका, दुसऱ्या काठावर दौंड. न्हावऱ्याचा घोडगंगा आणि पाटसचा भीमा हे सहकारी साखर कारखाने या मुलखाचा पीकधर्म सांगतात. उसाच्या शेतकऱ्याला ‘ऊती संवर्धित रोपे’ हे शब्द नवे नाहीत. पुणे-सोलापूर रस्त्यावर मांजरी गावी असलेल्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये उसाच्या शेंड्यातला सूक्ष्म वाढबिंदू निर्जंतुक करून काचेच्या बाटलीत वाढवतात आणि त्यापासून रोगमुक्त बेण्याची रोपे तयार होतात. मूळपेशींपासून आतड्याची वा मेंदूची इवलीशी प्रतिकृती, म्हणजे ऑर्गनॉइड, वाढवल्याची बातमी मात्र आपल्याला परक्या जगातली वाटते. वास्तविक दोन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: शरीरापासून तोडलेली पेशी अवयव कसा घडवायचा हे जाणते का? हा प्रश्न पुणे जिल्ह्यात अनेक दशके विचारला गेला आहे आणि ऑर्गनॉइडचा इतिहास त्या परंपरेसह वाचला तरच त्याचा अर्थ लागतो.

वनस्पतींच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर आधी मिळाले. सुट्या पेशी काचेत वाढवण्याची कल्पना वनस्पतिशास्त्रज्ञ हाबरलांट यांनी 1902 मध्ये मांडली. 1957 मध्ये स्कूग आणि मिलर यांनी तंबाखूच्या ऊतीवर दाखवले की ऑक्सिन आणि सायटोकायनिन या संप्रेरकांचे प्रमाण बदलले की त्याच पेशींच्या गोळ्याला कधी मुळे फुटतात, कधी कोंब. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत व्ही. जगन्नाथन आणि ए. एफ. मॅस्करेन्हस यांनी ऊती संवर्धनाची ही शाखा रुजवली. तिथल्याच नाडगौडा, पराशरामी आणि मॅस्करेन्हस यांनी 1990 मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेले काम विशेष आहे. शेतात फुलायला कित्येक दशके घेणारा बांबू त्यांच्या बाटलीत काही महिन्यांतच फुलला. अवयव केव्हा आणि का घडतो, हे बाटलीत तपासता येते, याचा तो ठोस पुरावा होता.

वनस्पती आणि प्राणी यांना एकाच प्रश्नात गुंफण्यावर रास्त आक्षेप असा की वनस्पतीची पेशी अख्खे झाड उभे करू शकते. प्राण्याची प्रौढ पेशी तशी नसते. फरक खरा आहे, पण तो निर्णायक नाही. 1907 मध्ये एच. व्ही. विल्सन यांनी स्पंजाच्या पेशी सुट्या केल्या, तरी त्या पुन्हा एकत्र येऊन स्पंज बनल्या. 1960 मध्ये वाइस आणि टेलर यांनी कोंबडीच्या गर्भाच्या मूत्रपिंड, यकृत आणि त्वचेच्या पेशी विलग केल्या. दुसऱ्या गर्भाच्या आवरणावर ठेवल्यावर त्या पेशींनी आपापले अवयव पुन्हा रचले. पुण्यातही प्राण्यांवर असे काम झाले: एडिंबरामध्ये गर्भशास्त्रज्ञ वॉडिंग्टन यांच्याकडे शिकून आलेल्या लीला मुळहेरकर यांनी पुणे विद्यापीठात अंड्याबाहेर वाढवलेल्या कोंबडीच्या गर्भावर संशोधन करणारी पिढी घडवली. 1986 मध्ये पुण्यातच पेशी आणि ऊती संवर्धनाची राष्ट्रीय सुविधा सुरू झाली. तीच आजची राष्ट्रीय पेशी विज्ञान संस्था. 2009 मध्ये सातो आणि क्लेव्हर्स यांनी उंदराच्या आतड्यातल्या एकेका मूळपेशीपासून ऑर्गनॉइड वाढवले, तेव्हा जुन्या प्रश्नाचेच नेमके उत्तर मिळाले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: ऑर्गनॉइड म्हणजे अवयव नव्हे. त्यात बहुधा रक्तवाहिन्या नसतात, गोळा मोठा झाला की आतल्या पेशी प्राणवायूअभावी मरतात, आणि त्याची वाढ गर्भावस्थेच्या टप्प्यावर अडते. हे सगळे मान्य. पण अंड्याबाहेरचा कोंबडीचा गर्भही एकदोन दिवसच नीट वाढतो. तेवढ्यात मज्जासंस्था आणि हृदय यांची मांडणी कशी होते, हे त्याने शिकवले. गर्भातले टप्पे समजून घेण्यासाठी गर्भावस्थेतच थांबणारे साधन अपुरे ठरत नाही. झिका विषाणू मेंदूच्या पूर्वपेशींना कसा ग्रासतो, हे 2016 मध्ये मेंदूच्या ऑर्गनॉइडमध्ये दिसले. भारतानेही 2023 मध्ये औषध चाचणीच्या नियमांत दुरुस्ती करून ऑर्गनॉइडसारख्या पद्धतींना जागा दिली.

म्हणून ऑर्गनॉइडला आयात केलेली नवलाई समजू नये. शिरूर-दौंडच्या विद्यार्थ्यांना कोंबडीच्या गर्भाच्या अवस्था आकृत्या काढण्यापुरत्या न शिकवता, त्यांमागचा हा शंभर वर्षांचा प्रश्न शिकवावा. पुढचे संशोधक तिथूनच येतील.