पदराआडचा खोकला

भगिनींनो, दर गुरुवारी शहागंजातून वृद्धाश्रमात भजनास जाण्याचा आपला परिपाठ आहे. मागे तेथील एका आजींना क्षय झाल्याचे कळले आणि आपण सहा गुरुवार तिकडे फिरकलो नाही. त्यांत मीही होते. आजींचा खोकला दोन महिन्यांचा. ‘म्हातारपणाचा’ म्हणून कोणी मनावर घेतला नाही, आणि आश्रमातून काढतील या धास्तीने त्यांनीही तो पदराआड दडवला. वर्धापनदिनी गोडच लिहावे खरे. पण ही गोष्ट मनाला सलते, म्हणून थोडा इतिहास सांगते.

डॉ. आनंदीबाई जोशी अमेरिकेहून डॉक्टर होऊन आल्या आणि वयाची २२ वर्षे पुरी होण्याआधीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यास क्षयाने गेल्या. रोगाचे जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ सालीच दाखवले होते; औषध मात्र नव्हते. मोकळी हवा, सकस अन्न, विश्रांती आणि रोग्यास घरापासून दूर ठेवणे, एवढेच हाती होते. मिरजेजवळ वानलेसवाडीस त्यासाठीच आरोग्यभवन निघाले.

१९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन सापडले, पुढे गोळ्याही आल्या. मग १९५६ पासून मद्रासला एक मोठा प्रयोग झाला. गरीब, दाटीच्या वस्तीतील रोग्यांपैकी निम्मे आरोग्यभवनात ठेवले, निम्म्यांना घरीच औषध दिले. दोहोंकडे गुण जवळजवळ सारखाच आला. आणि घरी राहिलेल्यांच्या कुटुंबांत रोग अधिक पसरला, असेही दिसले नाही. लागण व्हायची ती बहुतेक औषध सुरू होण्यापूर्वीच होऊन गेलेली असते!

त्याच सुमारास अमेरिकेत बाल्टिमोर येथे क्षयरोग्यांच्या खोल्यांतील हवा नळांवाटे गिनीपिगांच्या पिंजऱ्यांत सोडली. रोग्यांशी दुसरा कसलाच संबंध नसता त्या प्राण्यांना क्षय जडला. म्हणजे भय ताट-वाटीचे नव्हे, कोंडलेल्या हवेचे.

एका छपराखाली अनेक वृद्ध राहतात तेथे हे फार ध्यानी धरावे. तरुणपणी शरीरात शिरून निजलेला जंतू उतारवयात, विशेषतः मधुमेह असल्यास, पुन्हा जागा होतो. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, बारीक ताप, वजनात घट दिसली की बेडका तपासावा. औषध लागू पडेपर्यंत रोग्यास निराळी, हवेशीर खोली द्यावी. सोबत राहणाऱ्यांचीही तपासणी करावी. औषध साधारण सहा महिने, एकही दिवस न चुकवता घ्यावे. आपल्या घाटीच्या सरकारी इस्पितळात तपासणी व औषध फुकट मिळते.

आजींचे औषध पुरे झाले. त्या बऱ्या झाल्या. सातव्या गुरुवारी आपण गेलो, तेव्हा सभागृहाच्या खिडक्या सताड उघड्या होत्या. “इतके दिवस कुठं होता गं?” एवढेच त्यांनी विचारले. मला उत्तर सुचले नाही.

रोग्याला दूर लोटले की पुढचा रोगी खोकला लपवतो, आणि लपलेला खोकलाच साऱ्या घराला बाधतो. यापुढे कोणी खोकले, तर आपण उठून जाऊ नये. खिडकी उघडावी आणि त्यांना तपासणीस घेऊन जावे.